हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, मग रिफायनरीवाले तेलातला चिमूटभर नायट्रोजन एवढा जिवाला लावून का मोजतात?

आपण श्वासात जी हवा घेतो तिच्यात जवळपास ७८ टक्के नायट्रोजन असतो. तो आत जातो, काहीही न करता बाहेर येतो. इतका शांत, इतका निरुपद्रवी वायू की बटाट्याच्या वेफर्सच्या पाकिटात तोच भरतात.

पण हाच नायट्रोजन कच्च्या तेलाच्या रेणूंमध्ये अडकून रिफायनरीत आला की त्याचा अवतार बदलतो. महागडे उत्प्रेरक निकामी करणं, पाइपांमध्ये क्षार साठवणं, डिझेलमधलं गंधक काढण्याच्या कामात खोडा घालणं, हे सगळं तो करतो. त्यामुळे रिफायनरीच्या लॅबमध्ये रोज एक प्रश्न विचारला जातो: आज आलेल्या तेलात नायट्रोजन किती?

प्रश्न सोपा वाटतो. पण तेल जितकं जड, जितकं डांबराकडे झुकणारं, तितकं याचं उत्तर शोधणं अवघड. हे उत्तर मिळवण्याच्या धडपडीत बिअरचा कारखाना आहे, काळोखात चमकणारा वायू आहे आणि लहान मुलांच्या दुधातली एक भयंकर भेसळही आहे.

तेलात नायट्रोजन आला कुठून?

कच्चं तेल म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या आणि तळ्यांच्या तळाशी गाडल्या गेलेल्या सूक्ष्म जीवांचं रूपांतर. जीव म्हटलं की प्रथिनं आली, हरितद्रव्य आलं. या दोन्हींमध्ये नायट्रोजन असतो. जीव मेले, गाळाखाली दाबले गेले, उष्णतेने त्यांचं तेल झालं, पण थोडा नायट्रोजन रेणूंच्या सांगाड्यात तसाच अडकून राहिला.

ही नुसती कल्पना नाही. १९३४ साली आल्फ्रेड ट्राइब्स या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने कच्च्या तेलात पॉर्फिरिन नावाचे रेणू शोधून दाखवले. चार नायट्रोजन अणूंनी मधोमध धातूचा एक अणू धरून ठेवलेला, अशी या रेणूंची रचना. हरितद्रव्यातही अशीच रचना असते. फरक इतकाच की पानात मध्यभागी मॅग्नेशियम असतं आणि तेलात त्या जागी व्हॅनेडियम किंवा निकेल येऊन बसलेलं असतं. तेल सजीवांपासून बनलं याचा हा मोठा पुरावा ठरला.

थोडक्यात, तेलातला नायट्रोजन म्हणजे त्या जुन्या जीवांची सही आहे.

प्रमाण किती? बहुतेक कच्च्या तेलांमध्ये वजनाने साधारण ०.१ ते ०.९ टक्के. कॅलिफोर्नियातली काही तेलं जास्त नायट्रोजनसाठी प्रसिद्ध आहेत. अमेरिकेत १९५० च्या दशकात तेलातल्या नायट्रोजनच्या संयुगांचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला, तेव्हा तिथलं विल्मिंग्टन क्षेत्राचं तेल संशोधकांच्या टेबलावर वारंवार होतं.

सगळा गाळ तळाशी

रिफायनरीत कच्चं तेल तापवून त्याचे भाग वेगळे करतात. हलके रेणू आधी उकळतात आणि वर जातात: गॅस, नाफ्था, केरोसीन, डिझेल. जड रेणू खाली राहतात. या तळाच्या तेलाला हवेचा दाब कमी करून पुन्हा उकळलं की साधारण ३५० ते ५५० अंश सेल्सिअस या पट्ट्यातला एक दाट भाग मिळतो. त्याला व्हॅक्यूम गॅस ऑइल म्हणतात. त्याच्याही खाली उरतो तो रेसिड्यू. तो थंड झाला की जवळपास डांबरच.

नायट्रोजन या सगळ्यांत सारखा वाटला जात नाही. त्याची संयुगं बहुतेक मोठ्या, कड्याकड्यांच्या रेणूंमध्ये असतात आणि असे रेणू उशिरा उकळतात. त्यामुळे नाफ्थामध्ये नायट्रोजन दहा लाखांत एखाद-दोन भाग, तर व्हॅक्यूम गॅस ऑइलमध्ये शेकड्यांत किंवा एक-दोन हजारांत, आणि रेसिड्यूमध्ये कित्येक हजारांत.

दहा लाखांत एक भाग म्हणजेच एक पीपीएम. हजार किलो तेलात एक ग्रॅम. हे एकक पुढे वारंवार येणार आहे.

आता पूर्वी ही गोष्ट फार कुणी मनावर घेत नव्हतं. तळाचं जड तेल भट्टीत जाळायचं किंवा रस्त्यावर डांबर म्हणून ओतायचं. पण पेट्रोल-डिझेलची मागणी वाढली तसं तळाच्या तेलाचे मोठे रेणू तोडून त्यांचं डिझेल बनवणं फायद्याचं ठरलं. जड तेल उपयोगात आलं आणि त्याच्यासोबत नायट्रोजनही महागड्या यंत्रांच्या दारात येऊन उभा राहिला.

एवढासा नायट्रोजन बिघडवतो तरी काय?

मोठे रेणू तोडायला उत्प्रेरक लागतो. रिफायनरीतले हे उत्प्रेरक बहुधा आम्लधर्मी असतात. त्यांच्या पृष्ठभागावर आम्लाच्या असंख्य बारीक जागा असतात आणि खरं काम तिथेच चालतं.

तेलातली नायट्रोजनची काही संयुगं मात्र अल्कधर्मी असतात. आम्ल आणि अल्क एकत्र आले की काय होतं हे शाळेत सगळेच शिकतात. नायट्रोजनवाला रेणू येतो, आम्लाच्या जागेवर घट्ट बसतो आणि उठायचं नाव घेत नाही. लोकलमध्ये कर्जतला बसलेला माणूस सीएसएमटीपर्यंत सीट सोडत नाही, तसंच. ज्या रेणूला तिथे येऊन तुटायचं होतं तो उभाच राहतो.

हायड्रोक्रॅकर नावाच्या यंत्रणेत हे फारच जाणवतं. तिथे प्रचंड दाबाखाली हायड्रोजन सोडून जड तेल तोडतात. म्हणून तेल मुख्य उत्प्रेरकाकडे पाठवण्याआधी पहिल्या टप्प्यात त्यातला नायट्रोजन हायड्रोजनच्या मदतीने अमोनियाच्या रूपात वेगळा करतात. बऱ्याच ठिकाणी तो हजार-दीड हजार पीपीएमवरून दहाच्या आसपास किंवा त्याहून खाली आणावा लागतो.

तो खाली आला नाही तर उत्प्रेरकाची ताकद घटते. मग तेवढंच काम करून घ्यायला तापमान वाढवावं लागतं. तापमान वाढवत गेलं की उत्प्रेरक लवकर म्हातारा होतो. जो काही वर्षं टिकायला हवा तो आधीच बदलावा लागतो आणि तो बदलायचा म्हणजे अख्खं युनिट बंद ठेवायचं.

दुसरी अडचण स्वच्छ डिझेलची. भारतात १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ इंधन लागू झालं. डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा ५० पीपीएमवरून एकदम १० पीपीएमवर आली. पहिलं बरंचसं गंधक सहज निघतं. शेवटचं जे उरतं ते अडगळीतल्या रेणूंमध्ये लपलेलं असतं आणि ते काढायला उत्प्रेरकाच्या जागा मोकळ्या लागतात. त्याच जागांवर नायट्रोजन आधीच ठाण मांडून बसतो. म्हणजे मर्यादा गंधकावर आहे, पण ती गाठायची तर नायट्रोजनही ठाऊक हवा.

तिसरी अडचण सगळ्यात धोक्याची. नायट्रोजनचा अमोनिया झाला, गंधकाचा हायड्रोजन सल्फाइड झाला. गरम असताना दोघं वायूरूपात सुखाने नांदतात. पुढे नळ्यांमध्ये थंड झाले की एकत्र येऊन अमोनियम बायसल्फाइड नावाचा क्षार बनवतात. तो नळ्या चोंदवतो. तो विरघळवायला पाणी सोडावं लागतं आणि त्याचं तीव्र द्रावण वेगाने वाहू लागलं की पोलाद आतून खात जातं. आतमध्ये दाबाखालचा हायड्रोजन असताना नळी पातळ होणं म्हणजे काय, हे सांगायला नको.

आणि कुठे क्लोराइड असेल तर हाच अमोनिया नवसागर बनवतो. हो, भांड्यांना कल्हई करणारे वापरतात तोच नवसागर. कल्हईवाल्याच्या हातात तो उपयोगी, रिफायनरीच्या नळीत मात्र चोंदण.

एक साधा हिशोब

समजा एका युनिटमध्ये रोज १०,००० टन जड तेल जातं आणि त्यात १,५०० पीपीएम नायट्रोजन आहे. म्हणजे रोज १५ टन नायट्रोजन. तो सगळा अमोनिया झाला तर साधारण १८ टन अमोनिया रोज.

आता लॅबने चुकून १,५०० ऐवजी १,२०० पीपीएम सांगितलं तर? रोज तीन टन नायट्रोजन हिशोबाबाहेर राहिला. हायड्रोजन कमी पडेल, धुण्याचं पाणी कमी पडेल, क्षार अंदाजापेक्षा जास्त साठेल. कागदावर ३०० पीपीएमचा फरक म्हणजे ०.०३ टक्के. प्रत्यक्षात तो तीन टन आहे.

म्हणून हे मोजमाप एवढं महत्त्वाचं.

सुरुवात बिअरच्या कारखान्यात

नायट्रोजन मोजायची सगळ्यात प्रसिद्ध पद्धत तेलवाल्यांनी शोधलेली नाही. ती आली डेन्मार्कच्या कोपनहेगनमधून, कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेतून. पुढे १९०९ साली पीएच मोजण्याची पट्टी ज्या प्रयोगशाळेतून आली, तीच ही.

बिअर बनवताना बार्लीत प्रथिनं किती आहेत हे कळणं गरजेचं होतं. १८८३ साली योहान केल्डाल यांनी यासाठी युक्ती काढली. नमुना कडक गंधकाम्लात उकळायचा. त्यातला नायट्रोजन अमोनियम सल्फेट बनून द्रावणात राहतो. मग त्यात अल्क घालून अमोनिया मोकळा करायचा, तो आम्लात पकडायचा आणि किती आम्ल खर्ची पडलं ते मोजायचं.

ही पद्धत जगभर पसरली. धान्य, दूध, खत, माती, सगळीकडे. आजही अन्नाच्या लॅबमध्ये ती चालते. तेलवाल्यांनीही तीच उचलली आणि वंगणतेल व जळाऊ तेलासाठी तिची सुधारित आवृत्ती प्रमाणित पद्धत म्हणून स्वीकारली गेली.

पण तेलात एक अडचण होती. प्रथिनांमधला नायट्रोजन आम्लात उकळला की सुटतो. तेलातला नायट्रोजन कड्यांमध्ये गुंफलेला असतो, पिरिडीन किंवा क्विनोलिनसारख्या. ही कडी चिवट. गंधकाम्लात तासन् तास उकळूनही पुरती तुटत नाहीत. जो नायट्रोजन अमोनिया झालाच नाही तो मोजलाही जात नाही आणि उत्तर कमी येतं. शिवाय वेळ खूप जातो आणि जुन्या पद्धतीत पाऱ्यासारखे विषारी पदार्थ वापरावे लागत.

केल्डालच्याही आधी, १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला, फ्रान्सच्या जाँ-बाप्तिस्त द्युमा यांनी वेगळा रस्ता दाखवला होता. नमुना पूर्ण जाळायचा, त्यातल्या नायट्रोजनचा वायू करायचा आणि तो वायू मोजायचा. यात चिवट कडीही वाचत नाही. आजची स्वयंचलित यंत्रं याच तत्त्वावर चालतात. पण या पद्धतीत मोजायचा असतो तो थेट नायट्रोजन वायूच. आणि लॅबच्या हवेत तर ७८ टक्के तोच! कुठे बारीक गळती झाली की तेलाऐवजी खोलीतली हवाच मोजली जाते. नमुनाही काही मिलिग्रॅमच घेता येतो. नायट्रोजन टक्क्यांमध्ये असेल तर ठीक, पण पीपीएममध्ये असेल तर ही पद्धत हात टेकते.

अंधारात चमकणारा वायू

आज बहुतेक रिफायनऱ्यांच्या लॅबमध्ये जी पद्धत वापरतात ती प्रकाशावर चालते. नाव आहे केमिल्युमिनेसन्स, म्हणजे रासायनिक क्रियेतून निघणारा थंड प्रकाश. काजवा चमकतो तोही याच जातीतला प्रकार.

पद्धत अशी. तेलाचा अगदी थोडा नमुना सुमारे १,००० अंश तापमानाच्या नळीत भरपूर ऑक्सिजनमध्ये जाळतात. रेणू कितीही चिवट असो, तो मोडतो आणि त्यातल्या नायट्रोजनचा नायट्रिक ऑक्साइड होतो. त्या वायूतली पाण्याची वाफ काढून टाकतात. मग त्याची गाठ ओझोनशी घालून देतात.

नायट्रिक ऑक्साइड आणि ओझोन भेटले की नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो, पण तो उत्तेजित अवस्थेत असतो. शांत होताना तो जास्तीची ऊर्जा प्रकाशाच्या रूपात सोडून देतो. हा प्रकाश लाल आणि त्याच्या पलीकडच्या अवरक्त पट्ट्यातला, अतिशय मंद. डोळ्यांना दिसणार नाही. पण बंद अंधाऱ्या कोठडीत बसवलेली फोटोमल्टिप्लायर नळी तो टिपते. प्रकाश जितका जास्त, तितका नायट्रोजन जास्त.

यात दोन मोठे फायदे आहेत. पहिला, हवेतला नायट्रोजन यात फारसा लुडबुड करत नाही. हवेतल्या नायट्रोजनच्या दोन अणूंमध्ये तिहेरी बंध असतो, निसर्गातल्या सगळ्यात मजबूत बंधांपैकी एक. या भट्टीत तो सहजासहजी तुटत नाही, त्याचा नायट्रिक ऑक्साइड होत नाही, त्यामुळे तो चमकतही नाही. चमकतो तो तेलाच्या रेणूत बांधलेला नायट्रोजनच. तरीही काळजी म्हणून नमुना वाहून न्यायला आर्गॉन किंवा हेलियमसारखा वायू वापरतात.

दुसरा फायदा म्हणजे नायट्रोजन कुठल्या रेणूत होता याने फारसा फरक पडत नाही. एक अणू, एक नायट्रिक ऑक्साइड. आणि उत्तर काही मिनिटांत.

अमेरिकेच्या एएसटीएम या मानक संस्थेच्या दोन पद्धती इथे सर्रास वापरतात. डी ४६२९ ही हलक्या तेलांसाठी, ०.३ ते १०० पीपीएमपर्यंत. डी ५७६२ ही जड तेलांसाठी, ४० ते १०,००० पीपीएमपर्यंत.

गंमत म्हणजे हेच तत्त्व आपल्या शहरांमध्येही रोज वापरलं जातं. मुंबई-पुण्यात हवेची गुणवत्ता मोजणारी जी स्वयंचलित केंद्रं आहेत, तिथे हवेतले नायट्रोजन ऑक्साइड मोजणारं यंत्रही याच ओझोनच्या चमकेवर चालतं. तिथे गाडीच्या धुरातून आलेला वायू मोजतात, इथे तेल मुद्दाम जाळून वायू बनवतात.

मग अडचण कुठे आहे?

अडचण आहे नमुन्यात. डिझेल सिरिंजमध्ये घेऊन सुईने भट्टीत सोडता येतं. रेसिड्यू सिरिंजमध्ये येतच नाही. तो काळा, चिकट, खोलीच्या तापमानाला जवळपास घट्ट.

म्हणून आधी तो गरम करून नीट ढवळावा लागतो. नाही ढवळला तर वरचा थर वेगळा, तळाचा वेगळा. मग टोल्यूइन किंवा झायलिनसारख्या द्रावकात तो पातळ करतात. पातळ करताना वजन अचूक हवं, कारण तिथली चूक शेवटच्या आकड्यात तेवढ्याच पटीने मोठी होऊन येते. द्रावकात स्वतःचा थोडा नायट्रोजन असेल तर तोही आधी मोजून वजा करावा लागतो.

पुढची पायरी भट्टीची. जड तेलासाठी क्वार्ट्झची एक छोटी होडी वापरतात. होडीत नमुना ठेवायचा आणि ती हळूहळू भट्टीत सरकवायची. इथे घाई नडते. होडी झटकन आत ढकलली तर तेल एकदम भडकतं, ऑक्सिजन पुरत नाही आणि काजळी धरते. चुलीत ओलं लाकूड एकदम कोंबलं की जसा धूर होतो, तसं. काजळीत अडकलेला नायट्रोजन पुढे जातच नाही. यंत्र बिचारं जे आलं ते मोजतं आणि कमी आकडा दाखवतं. वर कुठला इशाराही नाही. वरच्या हिशोबातले तीन टन असेच हरवू शकतात.

म्हणून लॅबमधले लोक एकाच नमुन्याची पुन्हा पुन्हा चाचणी करतात, ज्याचा आकडा आधीच ठाऊक आहे असा नमुना मध्येमध्ये तपासून बघतात आणि जळण्याच्या नळीत काजळी दिसली की ती साफ करून सगळं नव्याने मोजतात.

‘किती’ कळलं, पण ‘कोणता’?

इथे एक वेगळी गोष्ट आठवते. २००८ साली चीनमध्ये लहान मुलांच्या दूध पावडरमध्ये मेलामाइन मिसळल्याचं उघड झालं. सुमारे तीन लाख मुलं आजारी पडली, सहा बाळं दगावल्याचं सरकारने सांगितलं. मेलामाइनच का मिसळलं? कारण दुधातलं प्रथिन मोजताना प्रत्यक्षात नायट्रोजन मोजला जात होता आणि मेलामाइनच्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग नायट्रोजन असतो. पाणी घातलेल्या दुधात ते टाकलं की चाचणीत प्रथिनं भरपूर दिसत. आकडा खरा होता. त्याचा अर्थ खोटा होता.

तेलात कुणी मेलामाइन टाकत नाही. पण धडा तोच आहे. एकूण नायट्रोजनचा आकडा सगळं सांगत नाही. दोन तेलांमध्ये १,५०० पीपीएमच नायट्रोजन असला तरी एक उत्प्रेरकाला जास्त छळू शकतं आणि दुसरं कमी.

कारण तेलातल्या नायट्रोजनची दोन घराणी आहेत. एक पिरिडीन, क्विनोलिन, अ‍ॅक्रिडिन यांचं. यांच्या नायट्रोजनवर इलेक्ट्रॉनची एक मोकळी जोडी असते, ती आम्लाला लगेच धरते. हे अल्कधर्मी घराणं. दुसरं पिरोल, इंडोल, कार्बाझोल यांचं. यांची इलेक्ट्रॉनची जोडी कडीच्या कामात गुंतलेली असते, त्यामुळे ते आम्लाला तसे धरत नाहीत. हे सौम्य घराणं. बऱ्याच कच्च्या तेलांमध्ये अल्कधर्मी नायट्रोजन एकूण नायट्रोजनच्या ३० टक्क्यांच्या आसपास असतो.

सौम्य म्हणून दुसऱ्या घराण्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. हायड्रोजनच्या मदतीने त्यांची कडी उघडताना मधल्या पायरीवर त्यांच्यातले काही अल्कधर्मी बनतात आणि मग तेही जागा अडवतात.

अल्कधर्मी वाटा मोजायला शाळेतलं टायट्रेशनच वापरतात, थोड्या बदलांसह. तेल पाण्यात विरघळत नाही, म्हणून टोल्यूइन आणि पाणीविरहित अ‍ॅसिटिक आम्लाच्या मिश्रणात ते विरघळवतात. अ‍ॅसिटिक आम्लात आणखी एक फायदा असा की पाण्यात जे अल्क फारच दुबळे ठरतात त्यांचंही मोजमाप इथे जमतं. मग थेंबथेंब परक्लोरिक आम्ल सोडायचं.

शाळेत रंग बदलला की थांबायचं असतं. इथे द्रावण तेलामुळे इतकं काळं की रंग दिसणार कसा? म्हणून द्रावणात इलेक्ट्रोड बुडवतात. अल्क संपला की व्होल्टेज एकदम उडी मारतं. ती उडी म्हणजेच शेवट. एकूण नायट्रोजनमधून हा अल्कधर्मी वाटा वजा केला की सौम्य घराण्याचा अंदाज मिळतो.

एकेका रेणूची ओळख

घराणी कळली, पण माणसं? म्हणजे नेमके कोणते रेणू?

हलक्या तेलात हे तसं जमतं. गॅस क्रोमॅटोग्राफ नावाचं यंत्र उकळण्याच्या क्रमाने रेणू वेगळे काढतं आणि शेवटी तीच ओझोनची चमक प्रत्येकाचा नायट्रोजन मोजते. पण रेसिड्यूतले रेणू उकळतच नाहीत. उकळण्याआधीच ते मोडतात.

इथे कामाला येतो तो रेणूंचा तराजू, म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर. त्याचा सगळ्यात अचूक प्रकार १९७४ साली कॅनडात मेल्विन कोमिसारो आणि अ‍ॅलन मार्शल यांनी विकसित केला. विद्युतभारित रेणू ताकदवान चुंबकाच्या क्षेत्रात गोल फिरत ठेवायचे. जड रेणू हळू फिरतो, हलका वेगाने. फेऱ्यांच्या वेगावरून वजन कळतं. मार्शल यांनी पुढे अमेरिकेत फ्लोरिडातल्या टालाहासी इथल्या राष्ट्रीय चुंबकीय प्रयोगशाळेत हे तंत्र कच्च्या तेलावर वापरलं. जिनोमिक्ससारखं या अभ्यासाला ‘पेट्रोलिओमिक्स’ असं नाव पडलं.

वजन इतकं अचूक कशाला? नायट्रोजनच्या एका अणूचं वजन १४. एक कार्बन आणि दोन हायड्रोजन मिळूनही १४च. साध्या तराजूला दोन्ही सारखे. पण बारकाईने पाहिलं तर नायट्रोजन १४.००३ आणि दुसरा गट १४.०१६. हा शतांशातला फरक पकडला तरच या रेणूत नायट्रोजन आहे की नाही हे ठामपणे सांगता येतं. अशा एका तेलाच्या नमुन्यात हजारो वेगवेगळी रेणूसूत्रं सापडतात.

पण या तराजूलाही मर्यादा आहे. ज्या रेणूंना विद्युतभार सहज चिकटतो ते जास्त ठळक दिसतात, बाकीचे मागे पडतात. म्हणून कोण आहे हे तो छान सांगतो, किती आहे हे तितक्या खात्रीने नाही. त्यासाठी पुन्हा होडी, भट्टी आणि ओझोनकडेच यावं लागतं.

आकडा आल्यावर काय होतं?

भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल आयात करतो. एका जहाजातून हलकं तेल येतं, पुढच्या जहाजातून जड. मुंबईत चेंबूर-माहुलच्या पट्ट्यात १९५० च्या दशकापासून दोन रिफायनऱ्या आहेत. तिथे असो की देशात कुठेही, तेल बदललं की तळाच्या भागातला नायट्रोजन बदलतो.

लॅबमधून आकडा आला की कंट्रोल रूम त्यावर निर्णय घेते. नायट्रोजन जास्त असेल तर त्यात कमी नायट्रोजनचं तेल मिसळायचं, की पहिल्या टप्प्याचं तापमान थोडं वाढवायचं, की तेलाचा वेग कमी करून उत्प्रेरकाला जास्त वेळ द्यायचा. हायड्रोजन किती सोडायचा आणि नळ्या धुवायला पाणी किती लागेल, हेही यावरूनच ठरतं.

आणि पहिल्या टप्प्यातून बाहेर पडणाऱ्या तेलाचा नमुना पुन्हा लॅबमध्ये येतो. आत जाताना १,५००, बाहेर येताना १०. या दोन आकड्यांवर पुढच्या उत्प्रेरकाचं आयुष्य अवलंबून असतं. आत जाणारं तेल तेच असताना बाहेरचा आकडा ८, १०, १३ असा हळूहळू चढू लागला तर पहिल्या टप्प्याचा उत्प्रेरक थकत चालल्याची ती पहिली खूण असते, कुठलाही भोंगा वाजण्याच्या कितीतरी आधी.

पंपावर डिझेल भरताना पावतीवर नायट्रोजनचा आकडा कुठेच नसतो. नियमांमध्ये गाजतो तो गंधकाचा आकडा. पण तो दहाच्या आत यावा यासाठी मागे कुठेतरी एका लॅबमध्ये कुणीतरी काळ्या तेलाची एक छोटी होडी, अजिबात घाई न करता, भट्टीत सरकवत असतं.